चित्राच्या कडेपलीकडे : चलच्चित्रांच्या काटकसरीचा एक धडा



ठाणें व कल्याण या दोन गांवांचीं नांवें आपल्या देशांतील आगगाडीच्या इतिहासाशीं कायमचीं जोडलेलीं आहेत. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली उतारूंची पहिली गाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढील वर्षीं, ता. १ मे १८५४ रोजीं, ठाण्याची खाडी ओलांडून तोच लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. आज ठाणें, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण अशी ही स्टेशनांची माळ आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. या गाडीच्या डब्यांत नजर टाकिली असतां कित्येक उतारू हातांतील फोनवर चालतीं बोलतीं चित्रें पाहत बसलेले दिसतात. गाडी कशी चालते हें विचारणारीं मुलें पुष्कळ भेटतात. परंतु तीं चित्रें हवेंतून इतक्या थोड्या खर्चांत कशीं येतात, हें विचारणारीं फारच थोडीं. प्रस्तुत लेखांत त्या मोठ्या विषयाचा एक लहानसा, परंतु बोधप्रद भाग घेण्याचें योजिलें आहे. तो असा कीं, चित्राची चौकट जेथें संपते त्याच्या पलीकडे काय असावें याचा अंदाज यंत्र कसा बांधितें, आणि त्या अंदाजानें काय वांचतें.

प्रथम थोडा हिशेब करूं. आजकालच्या एका सामान्य मोठ्या चलच्चित्रांत आडव्या रांगेंत १९२० आणि उभ्या रांगेंत १०८० असे बारीक बिंदु असतात. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० बिंदु झाले. प्रत्येक बिंदूचा तांबडा, हिरवा व निळा अंश सांगण्यास तीन आंकडे लागतात, आणि प्रत्येक आंकड्यास एक बाइट जागा लागते असें धरिलें, तर एका चित्रास ६२,२०,८०० बाइट लागतील. डोळ्यांस हालचाल अखंड भासावी म्हणून अशीं २५ चित्रें दर सेकंदास दाखविलीं, तर एका सेकंदाचा खर्च १५,५५,२०,००० बाइट होतो. एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटि बाइट. ज्या घरीं दिवसास एवढाच डेटा मिळतो, त्या घरचा सारा सांठा या मापानें साडेसहा सेकंदांच्या आंतच संपेल! गाडी ठाण्याच्या फलाटावरून पुरती हालण्यापूर्वींच चित्र बंद पडेल.

प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. तेंच चित्र सेकंदास चार मेगाबिट, म्हणजे पांच लक्ष बाइट, एवढ्या प्रवाहांत पाठविलें, तर एक गिगाबाइट सुमारें ३३ मिनिटें पुरतो. याचा अर्थ, मूळ मजकुराचा तीनशेंहून अधिक पटींनीं संक्षेप झाला, तरी डोळ्यांस फारसें उणें भासलें नाहीं. हा चमत्कार नव्हे; ही काटकसर आहे, आणि काटकसरीचें शास्त्र समजून घेतां येतें.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ सालीं मुंबईस लोकांपुढें आला. त्या काळच्या फिल्मच्या पट्टीवर दर फुटास सोळा चित्रें मावत, आणि त्यांतील प्रत्येक चित्र आपल्या जागीं पूर्ण असे. पट्टी कोठेंहि कापा, हातीं येईल तें चित्र स्वतंत्रपणें पाहतां येई. परंतु अशा पट्टींतील लगतचीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर दोहोंत भेद असा फारच थोडा. भिंत तीच, झाड तेंच, आकाश तेंच; एखादा हात किंचित् वर गेला, एवढेंच काय तें नवें. जें एकदां सांगितलें तें पुन्हां पुन्हां सांगण्यांत शहाणपण नाहीं, या साध्या गोष्टींतून संक्षेपाच्या शास्त्राचा उगम आहे.

घरांतील एक उदाहरण घ्या. महिन्याच्या आरंभीं आई वाण्याकडे किराण्याची यादी पाठविते. तीस जिनसांची यादी दर महिन्यास नव्यानें लिहिण्याऐवजीं तिनें एवढेंच लिहून पाठविलें कीं, ‘मागील महिन्याप्रमाणें, साखर अर्धा किलो अधिक, चहा पाव किलो कमी,’ तर काम भागतें. मात्र त्यास एक अट आहे. मागील महिन्याची यादी आईजवळ व वाण्याजवळ, दोघांजवळहि, आणि अक्षरशः तीच असली पाहिजे. वाण्याच्या दप्तरांतील यादींत एक ओळ जरी निराळी असली, तरी नवा निरोप बरोबर असूनहि माल चुकीचा येईल. ही अट नीट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

चलच्चित्र पाठविणारें यंत्र हेंच करितें. पहिलें चित्र तें पूर्ण पाठवितें. पुढील चित्र पाठवितांना तें त्याचे लहान लहान चौकोनी ठोकळे पाडितें, आणि प्रत्येक ठोकळ्यासाठीं मागील चित्रांत शोध करितें कीं, याच्यासारखा भाग कोठें आहे? सांपडला म्हणजे तो भाग किती बिंदु आडवा व किती बिंदु उभा सरकला, एवढेंच लिहितें. ज्या मागील चित्रावरून अंदाज बांधिला त्यास आपण ‘संदर्भचित्र’ म्हणूं. हालचालीच्या मापास ‘सरक’ म्हणूं. आणि अंदाज व खरें चित्र यांत जो थोडा फरक उरतो त्यास, अंकगणितांतल्याप्रमाणें, ‘बाकी’ म्हणूं. पाहणाराच्या फोनजवळ संदर्भचित्र आधींच असतें. सरक व बाकी मिळाली कीं तो नवें चित्र स्वतः उभारितो.

ठोकळे पाडण्याचें कारण गाडीच्या खिडकींतून सहज कळतें. मुंब्र्याजवळून जातांना विजेच्या तारांचे खांब डोळ्यांपुढून झपाट्यानें मागें जातात, पण पारसिकचा डोंगर हळूंच सरकतो. जवळच्या वस्तूची सरक मोठी, दूरच्या वस्तूची लहान. सबंध चित्रास एकच माप लावून चालणार नाहीं. म्हणून ठोकळागणिक निराळें माप.

उरलेली बाकीहि थोडक्यांत लिहिण्याची युक्ति आहे. बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं एक गणिती रीत प्रसिद्ध केली. त्रिकोणमितींतील कोसाइन लहरींच्या बेरजेनें ठोकळा मांडावयाचा, आणि ज्या लहरींचा अंश नगण्य असेल त्या सोडून द्यावयाच्या, असें तिचें स्वरूप आहे. आजच्या बहुतेक सर्व चलच्चित्रांच्या मुळाशीं ही रीत आहे. परंतु बाकी लिहिण्याची रीत कितीहि चांगली असली, तरी मुळांत बाकीच थोडी उरणें हें अधिक चांगलें. आणि बाकी थोडी उरण्यास अंदाज नेमका पाहिजे.

आतां आपण मुख्य विषयाकडे वळूं. अंदाज कोठें फसतो? चित्राच्या मध्यभागीं सहसा फसत नाहीं. तो फसतो कडेला. गाडी चालली आहे, फोन खिडकीकडे धरिला आहे, आणि बाहेरचें दृश्य उजवीकडून डावीकडे सरकत आहे असें समजा. मध्यभागीं जें दिसतें तें क्षणापूर्वीं थोडें उजवीकडे होतें. तें मागील चित्रांत सांपडेल. पण अगदीं उजव्या कडेस जें आतां नुकतेंच आंत आलें, तें मागील चित्रांत होतेंच कोठें? तें चौकटीच्या बाहेर होतें.

ही अडचण आंकड्यांनीं पाहूं. चित्रांतील एकच आडवी रांग घ्या व तींत आठच बिंदु आहेत असें माना. आंकडा जितका मोठा तितका बिंदु अधिक उजळ.

मागील चित्र : ५ ५ ६ ८ ९ ९ ७ ७
चालू चित्र : ६ ८ ९ ९ ७ ७ ७ ६

दृश्य दोन घरें डावीकडे सरकलें आहे, आणि उजवीकडून ७ व ६ हे दोन नवे आंकडे आंत आले आहेत. सरक न मानतां नुसती वजाबाकी केली, तर बाकी १, ३, ३, १, उणे २, उणे २, ०, उणे १ अशी येते. आठांपैकीं सात आंकडे लिहावे लागतात. दोन घरांची सरक मानिली तर पहिले सहा आंकडे तंतोतंत जुळतात. पण शेवटच्या दोहोंसाठीं मागील चित्रांत आंकडाच नाहीं. सबंध ठोकळा चित्राच्या आंतच सांपडला पाहिजे असा जर कडक नियम असेल, तर या दोन आंकड्यांपायीं सहा आंकड्यांचा लाभ सोडून द्यावा लागतो. दारांत पाय अडकला म्हणून सारें घर परकें व्हावें, तशांतली ही गोष्ट.

नोव्हेंबर १९८८ मध्यें मान्य झालेल्या एच.२६१ या नियमावलींत असाच नियम होता. टेलिफोनच्या तारेवरून समोरासमोर बोलतां यावें, यासाठीं ती नियमावली रचिली होती. तींत सरक मोजतांना संदर्भचित्राच्या बाहेर जाण्याची मनाई होती. पुढें १९९६ च्या एच.२६३ या नियमावलीच्या एका पुरवणींत ही मनाई उठविण्याची सोय झाली. तेथें सांगितलेला उपाय इतका सोपा आहे कीं, ऐकून हंसूं यावें: संदर्भचित्राची शेवटची उभी रांग तशीच्या तशीच बाहेर पुन्हां पुन्हां मांडीत जा. वरच्या व खालच्या कडांसहि तेंच.

आपल्या रांगेवर हा उपाय करून पाहूं. मागील चित्र वाढवून ५ ५ ६ ८ ९ ९ ७ ७ ७ ७ असें झालें. आतां दोन घरांची सरक घेतली तर अंदाज ६ ८ ९ ९ ७ ७ ७ ७ असा येतो. खऱ्या चित्राशीं ताडून पाहतां सात ठिकाणीं बाकी शून्य, आणि शेवटीं मात्र उणे १. सात आंकड्यांचें काम एका आंकड्यावर आलें. अंदाज पुरता खरा ठरला नाहीं. पण बाहेरचें जग बहुधा आंतल्यासारखेंच असतें, एवढ्या साध्या समजुतीनेंहि केवढें काम झालें पहा.

खऱ्या चित्रांत ठोकळा सोळा बिंदु रुंद व सोळा उंच असा घेतला, म्हणजे त्यांत २५६ बिंदु असतात. कडेचा असा एक ठोकळा घ्या व सरक सहा बिंदूंची आहे असें धरा. त्यांतील दहा उभ्या रांगा, म्हणजे १६० बिंदु, संदर्भचित्रांत खरोखरच आहेत. सहा रांगांचे ९६ बिंदु मात्र बाहेरचे. कड वाढविल्यानें ते १६० बिंदु पदरांत पडतात, आणि ९६ बिंदूंपुरताच अंदाजाचा धोका उरतो. बाहेर आकाश अथवा चुन्याची भिंत असेल तर तो धोका नाममात्र होय. परंतु बाहेर झाडाची फांदी किंवा खांब असेल, तर शेवटच्या रांगेची नुसती पुनरावृत्ति म्हणजे आडव्या रेघोट्या. त्या खऱ्या फांदीशीं जुळणार कशा? यास्तव याहून चांगला विस्तार करतां येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें राहिला.

कांहीं चित्रांत याचें उत्तर फारच सुंदर मिळतें. वर्गाच्या भिंतीवरील जगाचा नकाशा पहा. त्याच्या उजव्या कडेस पॅसिफिक महासागर तुटलेला दिसतो. पण तो खरोखर तुटलेला नाहीं, त्याचा पुढील भाग डाव्या कडेस आहे. पाहणाराच्या सभोंवतालचें सर्व दृश्य टिपणारीं जीं वर्तुळाकार चलच्चित्रें असतात, तींहि अशीच उलगडून सपाट केलेलीं असतात. त्यांत उजव्या कडेपलीकडे शेवटची रांग गिरवण्याचें कारण नाहीं. डाव्या कडेचाच भाग तेथें आणून जोडावा. २०२० सालीं सिद्ध झालेल्या एच.२६६ या नियमावलींत ही सोय केलेली आहे.

सामान्य चित्रांस मात्र दोन टोकें जोडतां येत नाहींत. त्यांसाठीं दुसरीकडून साहाय्य घ्यावें लागतें, आणि तें साहाय्य म्हणजे अधिक जुनीं चित्रें. वाण्याच्या उदाहरणांत बोलावयाचें तर, दिवाळीच्या महिन्यांत ‘मागील महिन्याप्रमाणें’ लिहून भागत नाहीं. ‘गेल्या दिवाळीप्रमाणें’ असें लिहावें लागतें. मात्र त्यासाठीं वाण्यानें ती जुनी यादी जपून ठेविलेली पाहिजे.

डोंबिवलीच्या फलाटावर एक कॅमेरा स्थिर ठेविला आहे असें समजा. समोरच्या फलाटावरील पाटी व बांकें त्यांत दिसत आहेत. इतक्यांत मधून एक लांब गाडी धडधडत जाते. पाटी व बांकें झांकलीं गेलीं. कांहीं सेकंद केवळ डबेच डबे. गाडी निघून गेली व पाटी पुन्हां दिसूं लागली. आतां लगतचें मागील चित्र पाहिलें तर त्यांत पाटी नाहीं, डब्याची भिंत आहे. ज्या यंत्राजवळ एकच संदर्भचित्र आहे त्यास सारी पाटी नव्यानें लिहावी लागेल. पण गाडी येण्यापूर्वींचें एखादें चित्र जपून ठेविलें असेल, तर ‘त्या चित्रांतल्याप्रमाणें’ एवढें म्हटलें कीं झालें. २००३ सालीं मान्य झालेल्या एच.२६४ या नियमावलीनें अशीं सोळापर्यंत संदर्भचित्रें जपण्याची मुभा दिली, आणि त्यांतील कांहीं दीर्घ काळ ठेवण्याचीहि सोय केली.

येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील कीं, जुनीं चित्रें हाताशीं आहेत तर कड वाढविण्याची खटपट हवी कशास? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर हालत्या डब्यांत बसलेल्या उतारूच्या हाताकडे पाहिल्यास मिळेल. डबा हेलकावतो, तसा फोन किंचित् डावीकडे व उजवीकडे हालतो. त्यामुळें चित्राच्या कडेचा एक पट्टा एका क्षणीं बाहेर जातो व दुसऱ्या क्षणीं आंत येतो. पहिल्या चित्रांत तो पट्टा होता, दुसऱ्यांत नाहीं, तिसऱ्यांत पुन्हां आहे. तिसरें चित्र लिहितांना कडेच्या ठोकळ्याचा आंतला भाग दुसऱ्या चित्राशीं अधिक जुळतो, कारण तें लगतचें आहे. उजेड, चेहरे, हालचाल, सर्व अगदीं ताजें. बाहेरचा पट्टा मात्र पहिल्याच चित्रांत आहे. एका ठोकळ्याचे दोन तुकडे करून एक येथून व दुसरा तेथून घ्या असें सांगावयाचें, तर तें सांगण्याचाच खर्च वाढतो. त्याऐवजीं दुसऱ्या चित्राच्या कडेबाहेर, रिकाम्या जागेंत, पहिल्या चित्रांतील तो पट्टा आधींच चिकटवून ठेविला, तर एकाच सरकीनें सबंध ठोकळा उचलतां येईल.

आपल्या आठ आंकड्यांच्या रांगेंत, जुन्या चित्रांतून ७ व ६ हे आंकडे आणून मागील चित्राच्या पुढें जोडिले, तर शेवटची उणे १ ही बाकीहि नाहींशी होते. आठहि ठिकाणीं शून्य!

आतां, पट्टा नेमका कोठें चिकटवावयाचा हें कसें ठरवावें? यांतच या युक्तीचें मर्म आहे. दुसरें चित्र पहिल्यावरून उभारतांना त्याच्या कडेच्या ठोकळ्यांची सरक लिहिलेली होती. ती नोंद पाठविणाराजवळ आहे व घेणाराजवळहि आहे. तिच्याच आधारें दोघेहि पहिल्या चित्रांत त्या ठोकळ्याची जागा शोधितात, तेथून बाहेरच्या दिशेनें आणखी कांहीं रांगा वाचितात, आणि त्या दुसऱ्या चित्राच्या कडेबाहेर मांडितात. जेथें पहिल्या चित्रांतहि कांहीं मिळत नाहीं, तेथें जुना पुनरावृत्तीचा उपाय आहेच. या कामीं नवा निरोप एक अक्षराचाहि लागत नाहीं. जें दोघांस आधींच ठाऊक आहे त्याचाच अधिक विचारानें उपयोग केला, इतकेंच. एच.२६६ च्या पुढील पिढीची तयारी म्हणून तज्ज्ञांच्या संयुक्त मंडळानें जो प्रायोगिक प्रोग्रॅम चालविला आहे, त्यांत ही रीत समाविष्ट केलेली आहे.

एक शंका अद्यापि उरते. गाडी सरळ पुढेंच चालली असेल, हेलकावा नसेल, तर उजवीकडून येणारें दृश्य कोणत्याच जुन्या चित्रांत असणार नाहीं. मग काय? येथें शास्त्रज्ञांनीं काळाचाच क्रम बदलला आहे. चित्रें ज्या क्रमानें दाखवावयाचीं त्याच क्रमानें पाठविलीं पाहिजेत असा कोठें नेम आहे? पहिलें चित्र पाठवावें, मग एकदम पांचवें, आणि त्यानंतर मधलीं. पांचव्या चित्रांत तें नवें दृश्य पुरतें आंत आलेलें असतें. म्हणून मधलें चित्र उभारतांना एक हात मागील चित्राकडे व दुसरा पुढील चित्राकडे पसरतां येतो. फोन तीं सर्व मिळवून योग्य क्रमानें दाखवितो. ज्या भाषणांत समोरासमोर उत्तर द्यावयाचें असतें तेथें एवढा धीर धरतां येत नाहीं. पण आधींच तयार करून ठेविलेल्या धड्यास अथवा चित्रपटास कांहीं अडचण पडत नाहीं.

आतां वाण्याच्या यादीची अट आठवा. या सर्व अंदाजांत पाठविणारें व घेणारें या दोन्ही यंत्रांनीं अगदीं एकच अंदाज बांधिला पाहिजे. अंदाज चुकला तरी चालतो, कारण बाकी लिहून तो दुरुस्त होतो. पण दोघांचे अंदाज भिन्न झालेले मुळींच चालत नाहींत. एकानें कडेबाहेर शेवटची रांग मांडिली व दुसऱ्यानें तेथें काळा रंग भरिला, तर पहिल्या चित्रांत कडेला बारीक डाग पडेल. त्या चित्रावरून पुढचें चित्र उभें राहणार, म्हणून तो डाग त्यांत उतरेल. आणि चित्रागणिक पसरत पसरत तो मध्यावर येईल. याच कारणानें कड कशी वाढवावी हें कोणा एका कारखानदाराच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं, तर सर्व देशांस मान्य अशा नियमावलींत बिंदूबिंदूपर्यंत ठरविलेलें आहे. ठाण्यांत टिपलेलें चित्र कल्याणांत, किंवा दुबईंत नोकरीस असलेल्या वडिलांच्या फोनवर, जसेंच्या तसें उमटतें तें या एकमतामुळें. व्हिडिओ कॉल चालू असतां संदेशाचा कांहीं भाग वाटेंत हरवला, तर चेहऱ्यावर चौकोनी ठिगळें दिसूं लागतात, हें तुम्हीं पाहिलें असेल. संदर्भ तुटल्याचें तें लक्षण होय. पुढें एखादें पूर्ण चित्र पुन्हां येतें, आणि ठिगळें एकाएकीं नाहींशीं होतात.

या काटकसरीस मोलहि द्यावें लागतें. सोळा चित्रें जपावयाचीं म्हणजे फोनच्या स्मृतींत तेवढी जागा पाहिजे. चारहि कडांस पट्टे जोडावयाचे म्हणजे तेवढें गणित अधिक, आणि गणित अधिक म्हणजे बॅटरीचा खर्च अधिक. म्हणून प्रत्येक नव्या सूचनेस तज्ज्ञ मंडळी दोन प्रश्न विचारितात: हिच्यानें किती बाइट वांचतात, आणि तेवढ्यासाठीं यंत्रास किती श्रम पडतात? कडेच्या विस्तारासारख्या एका सुधारणेनें होणारा लाभ थोडाच असतो. परंतु २००३ ची नियमावली, २०१३ ची एच.२६५ व २०२० ची एच.२६६ यांत दर पिढीस तेवढ्याच चांगल्या चित्राचा खर्च सुमारें निम्म्यावर येत गेला, तो कोणा एका मोठ्या शोधानें नव्हे. असे डझनावारी लहान लहान लाभ एकत्र येऊन आला आहे.

कोणी म्हणेल, थोडे बाइट वांचले तर त्यांत एवढें काय? त्यांनीं २०२० सालचा मार्च महिना आठवावा. शाळा बंद झाल्या, सामान्य उतारूंसाठीं लोकल गाड्याहि थांबल्या, आणि धडे फोनवरून येऊं लागले. ज्या घरांत फोन एक आणि शिकणारीं मुलें तीन, त्या घरीं दिवसाचा डेटा हा खरोखर पाण्याच्या हंड्यासारखा पुरवून वापरावा लागे. गणिताचा तास अर्ध्यावर बंद पडला, तर त्या मुलाचा धडा बुडाला तो बुडालाच. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत बसून शिकणाऱ्या मुलास एच.२६४ हें नांव ठाऊक नव्हतें. पण चित्राच्या कडेवरील थोडे बिंदु वांचविण्यासाठीं कित्येक वर्षें खपलेल्या माणसांच्या श्रमानेंच त्याचा अर्धा तास पुरा झाला. संक्षेप नसता, तर तो हंडा सहा सेकंदांत रिता झाला असता.

पालकांस यांतून दोन व्यवहाराच्या गोष्टी घेतां येतील. पहिली ही कीं, फळ्यावरील धडा पाहण्यास नेहमींच मोठें चित्र लागत नाहीं. ६४० गुणिले ३६० या मापाच्या चित्रांत २,३०,४०० बिंदु असतात. म्हणजे आरंभीं सांगितलेल्या मोठ्या चित्राच्या बरोबर एक नवमांश. अक्षर वाचतां येत असेल तर लहान माप निवडावें व डेटा पुढील तासासाठीं राखावा. दुसरी ही कीं, मुलांचें पाठांतर अथवा नाटक टिपतांना फोन हातांत न धरितां भिंतीस किंवा पुस्तकांच्या चवडीस टेकवून ठेवावा. फोन स्थिर असला कीं कडेवरून नवें दृश्य आंत येत नाहीं, सरक थोडी होते, आणि तेवढ्याच खर्चांत चित्र अधिक स्वच्छ निघतें.

विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग सुचवितों. घरांतच, आगगाडीच्या दारांत नव्हे, एका मिनिटाचीं दोन चलच्चित्रें टिपा. पहिल्यांत फोन टेबलावर टेकवून समोरचें कपाट टिपा. दुसऱ्यांत त्याच जागीं उभे राहून फोन हळूहळू सर्व खोलीभर फिरवा. नंतर दोहोंचा आकार किती मेगाबाइट आहे तो पाहून वहींत लिहा. कित्येक फोन ठराविक प्रवाहानेंच लिहितात. तसें असेल तर आकार जवळजवळ सारखाच येईल. अशा वेळीं फिरत्या चित्राच्या कडांकडे निरखून पहा, व तेथें बारकावे पुसट झाले आहेत काय तें नोंदवा. ज्यांस फोन मिळणार नाहीं त्यांनीं चौकटीच्या वहींत आठ आंकड्यांची रांग आपल्या मनानें मांडून ती एक, दोन व तीन घरें सरकवावी. कड न वाढवितां, शेवटचा आंकडा गिरवून, आणि जुन्या रांगेंतून आंकडे आणून, अशा तीन रीतींनीं बाकी काढावी. कोणत्या रीतीनें किती शून्यें मिळतात त्याचा तक्ता करावा. ज्या रांगेंत शेवटचा आंकडा गिरवल्यानें लाभाऐवजीं तोटाच होतो, अशीहि एक रांग शोधून पहावी; ती सांपडली म्हणजे हा धडा खरोखर समजला असें खुशाल मानावें.